‘समजलं का?’ : खानापूर तालुक्यातील दहावीच्या एका ऑनलाइन वर्गाचे प्रकरण

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, पश्चिम भागातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये २०२०-२१ या शैक्षणिक वर्षात दहावीच्या गणिताच्या वर्गात जे घडले, त्याची ही नोंद आहे. मी त्याच शाळेत समाजविज्ञान शिकवत होतो. गणिताच्या सरांनी त्या वर्षीचे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, मुलांनी पाठवलेले वह्यांचे फोटो आणि स्वतःची टिपणवही माझ्यापुढे ठेवली, म्हणून ती करता आली. शाळेचे, वाड्यांचे किंवा कोणाचेही नाव मी दिलेले नाही. भाग लहान आहे आणि एवढ्या खुणेवरूनही माणसे ओळखू येतात.

वर्ग, पाऊस आणि फोन

वर्गात ३८ मुले होती, त्यांपैकी २१ मुली. शाळेच्या गावची मुले थोडी, बाकीची आसपासच्या वाड्यांवरून चालत किंवा बसने येणारी. मलप्रभेचा उगम जिथे होतो त्या कणकुंबीच्या बाजूचा हा पट्टा आहे. जुलैमध्ये पाऊस कोसळू लागला की करंट दोन-दोन दिवस येत नाही आणि करंट गेला की थोड्या वेळाने टॉवरही गप्प होतो. त्यामुळे ऑनलाइन वर्ग चालला नाही तर सगळे खापर नेटवर्कवर फोडणे आम्हा सर्वांनाच सोयीचे होते. प्रत्यक्षात मोठी अडचण होती ती फोन कोणाचा आहे आणि तो कोणत्या वेळी घरी असतो, ही.

३८ पैकी २९ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दिवसा घरात राहणारे फोन त्यांपैकी सात-आठच, बाकीचे वडिलांचे किंवा थोरल्या भावाचे. टाळेबंदी सैल झाल्यावर बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फौंड्र्या सुरू झाल्या, तसा भावाचा फोन सकाळच्या पहिल्या बसने बेळगावला जाऊ लागला. ज्यांचे वडील गोव्यात कामाला होते, त्यांच्या घरी फोन पंधरवड्यातून एकदा येई. वर्ग मात्र सकाळी दहा वाजता ठरलेला होता, कारण शाळा दहाला भरते. फोन कामावर गेल्यानंतर वर्ग भरवण्यात काही विसंगती आहे, हे आम्हा शिक्षकांपैकी कोणाच्याही लक्षात पहिले काही आठवडे आले नाही.

सीमाभागातील मराठी शाळेची म्हणून एक वेगळी अडचण होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून आमच्या मुलांची भाषा एका बाजूची आणि अभ्यासक्रम दुसऱ्या बाजूचा, अशी स्थिती आहे. वर्गात शिक्षक समोर असतो तेव्हा ती जाणवत नाही, कारण ही दरी तोच रोज भरून काढत असतो. शिक्षक दूर गेला की ती उघडी पडते. २०२० च्या जुलैपासून दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर हायस्कूलच्या मुलांसाठी पाठ सुरू झाले, पण सात-आठ वर्षे मराठीतून गणित केलेल्या मुलाला कन्नडमधून सांगितलेली सिद्धता पेलणे अवघड होते. त्याच काळात सह्याद्री वाहिनीवर मराठीतून पाठ लागत, ते महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवरचे आणि आठवीपर्यंतचेच. यूट्यूबवर मराठीतून दहावीचे गणित भरपूर सापडे, तेही महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे. कर्नाटकात दहावीचे गणित एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पाठ्यपुस्तकांतील आशयावर बेतलेले आहे, त्यामुळे प्रकरणांचा क्रम, चिन्हे आणि उदाहरणांची मांडणी यांत फरक पडतो. हा फरक पुढे या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आला.

पहिले चार आठवडे

जुलै २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात गूगल मीटवर वर्ग सुरू झाले. हजर मुले आठ ते अकरा. सर खडू-फळ्याचे माणूस. त्यांनी घरच्या भिंतीला फळा टांगला, समोर स्टुलावर फोन ठेवला आणि नेहमीसारखे शिकवायला सुरुवात केली. दर पाच-सात मिनिटांनी ते विचारत, “समजलं का?” चॅटमध्ये ‘होय सर’ असे दोन-तीन संदेश उमटत, एखादा अंगठा येई आणि वर्ग पुढे जाई. तास संपल्यावर ग्रुपवर गृहपाठ टाकला की वीस-बावीस अंगठे पडत. महिन्याच्या शेवटी आम्ही शिक्षकांनी एकमेकांना सांगितले ते असे, की प्रतिसाद चांगला आहे.

गैरहजर मुलांसाठी सर मोबाइलच्या स्क्रीन रेकॉर्डरने तास नोंदवून ठेवत. ऑगस्टमध्ये एका रात्री त्यांनी त्यांतले दोन तास स्वतःच ऐकले. ‘समजलं का?’ असे विचारल्यानंतर आपण दोन सेकंदही थांबत नाही, असे त्यांना आढळले. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांवर नेला तरी उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागतात. तो अभ्यास समोरासमोरच्या वर्गाचा होता. इथे मुलाला आधी मनात प्रश्न जुळवायचा, मग माइकचे चिन्ह शोधायचे, ते दाबायचे, मागे कोंबडा आरवत असेल किंवा आजी ओरडत असेल तर लाजायचे आणि एवढे करून बोलायला तोंड उघडावे तर सर पुढच्या पायरीवर गेलेले. दोन सेकंदांत हे होत नाही.

ग्रुपवरचे त्या चार आठवड्यांचे संदेशही सरांनी मोजले. गणिताशी संबंधित म्हणता येतील असे प्रश्न तीन निघाले आणि तिन्हीं प्रश्नांत गृहपाठाचे पान कोणते, एवढेच विचारले होते.

देवळाच्या मंडपात

ऑगस्ट २०२० मध्ये राज्य शासनाचा विद्यागम उपक्रम सुरू झाला. शाळा बंद, पण शिक्षकांनी वस्त्यांवर जाऊन देऊळ, समाजभवन किंवा झाडाखाली मुलांना लहान गटांत भेटायचे, अशी त्याची रीत होती. आमच्या सरांच्या वाट्याला ज्या दोन वाड्या आल्या, तिथली हीच मुले देवळाच्या मंडपात बसल्यावर सरांना उसंत देईनात. मीटवर महिनाभर एक शब्द न बोललेला मुलगा समरूप त्रिकोणांच्या एका उदाहरणावर सरांशी वाद घालू लागला. मुले मुखदुर्बळ आहेत, खेड्यातली आहेत, विचारायला घाबरतात, असे आपण शिक्षक सहज म्हणतो. तीच मुले मंडपात बोलत होती, म्हणजे कारण मुलांच्या स्वभावात शोधून चालणार नव्हते.

मात्र विद्यागममध्ये शिक्षक विषयाप्रमाणे नव्हे, वस्तीप्रमाणे नेमलेले होते. तिसऱ्या वाडीवर मी जात असे. तिथल्या एका मुलीने सप्टेंबरमध्ये मला गणिताचे काहीतरी विचारले होते. मी “ते सरांना फोनवर विचार” असे सांगून तिला नागरिकशास्त्राच्या पानावर आणले. तिचा प्रश्न काय होता, हे मी तेव्हा नीट ऐकूनही घेतले नाही.

शिक्षक आणि मुलांना संसर्ग झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यागम थांबवण्यात आला. महिनाअखेरपर्यंत सुट्टी लागली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा फोनवर यावे लागले.

टी की ए

नोव्हेंबरमध्ये सरांनी तीन बदल केले. मीटवरचा तास आठवड्यातून दोनच वेळा ठेवला. मुलांनी शंका रात्री आठ ते साडेनऊ या वेळात, फोन घरी आल्यावर, थेट सरांच्या नंबरवर बोलून पाठवायच्या, असे ठरवले. मराठी टाइप करणे मुलांना जमत नव्हते, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी सरांना वाचवत नव्हते आणि अपूर्णांक तर दोन्ही लिप्यांत लिहिता येत नव्हता, म्हणून आवाज. तिसरा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. वहीचा फोटो पाठवताना खोडरबर वापरायचा नाही, चुकलेले गणित चुकलेलेच पाठवायचे, असा त्यांनी दंडक घातला. “बरोबर आलेल्या गणिताचा फोटो मला नको,” असे त्यांनी ग्रुपवर स्पष्ट लिहिले.

दुसऱ्याच आठवड्यात तिसऱ्या वाडीवरच्या त्या मुलीचा आवाज आला. “सर, मी व्हिडिओ दोनदा बघितलो, पण टी म्हणजे काय ते कळलं न्हाई. विज्ञानात टी म्हणजे वेळ. मग इथं वेळ कुठनं आणायचा?” (आमच्या भागात मुलीही ‘मी बघितलो’ असेच म्हणतात. लेखी संदेश आला असता तर तो तिने लिहिला की भावाने, हेही कळले नसते.) सोबत वहीचा फोटो होता. त्यात तिने एका श्रेढीचे (ठरावीक फरकाने पुढे जाणाऱ्या संख्यांच्या ओळीचे) दहावे पद काढण्यासाठी पहिल्या पदाला ‘ए’ म्हटले होते, त्यापुढे कंसात त्वरण असे लिहिले होते आणि मग गणित अर्ध्यावर सोडून दिले होते.

या गोंधळाचे मूळ जुलैमध्ये होते. आमच्या पुस्तकात त्या वर्षी दहावीचे पहिलेच प्रकरण अंकगणिती श्रेढीचे होते. त्यात एनव्या पदाला ‘ए एन’ म्हणतात आणि सूत्र ‘ए एन = ए + (एन − १) डी’ असे येते. महाराष्ट्राच्या पुस्तकात हाच घटक बीजगणिताच्या भागात तिसऱ्या प्रकरणात आहे आणि तिथे एनव्या पदासाठी ‘टी एन’ हे चिन्ह वापरतात. जुलैमध्ये सरांनी मराठीतून चांगले समजावलेला, महाराष्ट्रातील एका शिक्षकाचा व्हिडिओ ग्रुपवर पाठवला होता. तो आपण स्वतः शेवटपर्यंत पाहिला नव्हता, हे त्यांनी मला मोकळेपणाने सांगितले. शिकवण्यात चूक नव्हती, गणितात तर नव्हतीच, चिन्ह तेवढे वेगळे होते. पण नववीत ‘व्ही = यू + ए टी’ हे गतीचे समीकरण पाठ केलेल्या मुलीसमोर ‘ए’, ‘टी’ आणि अधिक चिन्ह अशी ओळखीची अक्षरे एकत्र आली आणि तिने जे ज्ञान जवळ होते त्यातून अर्थ लावला. तिचा तर्क चुकीच्या जागी गेला, पण तो आळशी मुलीचा तर्क नव्हता. वर्गात सर समोर असते तर फळ्यावर ‘टी’ लिहिताच कोणाच्या तरी कपाळावर आठी दिसली असती आणि अर्ध्या मिनिटात खुलासा झाला असता. इथे त्याला चार महिने लागले आणि त्यांतल्या एका संधीवर मीच पाणी सोडले.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये विद्यार्थ्याच्या आंतरक्रियेचे तीन प्रकार मांडले होते: आशयाशी, शिक्षकाशी आणि सहाध्यायांशी. ही मुलगी आशयाशी झगडत होती, व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होती. बाहेरून मोजणाऱ्याला तिचा सहभाग उत्तम दिसला असता. उरलेल्या दोन्ही बाजू बंद होत्या, म्हणून तिची चूक कोणावर आपटून परत आली नाही. सरांनी मग आठवडाभर एकेका मुलाला फोन लावून ‘टी एन’ बद्दल विचारले. आणखी नऊ जण याच जागी अडकलेले निघाले. त्यांतल्या सहा जणांनी जुलैत ‘होय सर’ म्हटले होते.

रात्री आठनंतर

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सात आठवड्यांत सरांच्या नंबरवर १४० च्या आसपास शंका आल्या. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागली.

पहिली सरांच्या घरात. दीड तास म्हणून सुरू झालेली वेळ अकरापर्यंत लांबू लागली आणि एकच शंका सहा जणांना सहा वेळा समजावताना त्यांचा आवाज बसला.

दुसरी अधिक नाजूक होती. एका मुलीच्या वडिलांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली नाही, ते सरळ सरांना येऊन भेटले. “मास्तर, तुमच्याबद्दल काही नाही, पण फोन माझा आहे. कामावर चहाला बसलो की चार माणसांत पोरीला तुमचा मेसेज वाजतो. बरं दिसत नाही,” एवढेच ते म्हणाले. सरांना राग आला होता. मला मात्र त्या गृहस्थांचे म्हणणे वाजवी वाटले. वर्गात सर्वांदेखत होणारे बोलणे आपण एकाएकी दोघांच्या खासगी जागेत नेले होते आणि त्या जागेचे नियम ठरवायचे मात्र विसरलो होतो. त्यानंतर वाडीवार चार-पाच मुलांचे छोटे ग्रुप केले आणि प्रत्येकात इंग्रजीच्या मॅडमना घेतले. शंका तिथेच विचारायच्या, उत्तर तिथेच मिळायचे. मुलींच्या शंका यामुळे वाढल्या. तीन मुलगे मात्र गप्प झाले. चार जणांसमोर अडाणी दिसण्यापेक्षा एकट्या सरांसमोर दिसणे त्यांना सोपे होते. या तिघांसाठी सरांनी थेट नंबरची वाट उघडी ठेवली आणि नियमाला अपवाद केला, तो योग्यच केला असे माझे मत आहे.

तिसरी किंमत लगेच दिसत नव्हती. वर्गात एकाने विचारलेली शंका चाळीस जण फुकटात ऐकतात आणि ज्याला विचारायचे सुचलेच नव्हते त्यालाही आपली अडचण सापडते. खासगी शंकेचे उत्तर विचारणाऱ्यापाशीच राहते. यावर सरांनी काढलेला उपाय साधा होता. ते रोज सकाळी सहाला, फोन घरातून निघण्यापूर्वी, मोठ्या ग्रुपवर एक-दीड मिनिटाचे बोलणे पाठवू लागले: “काल एकाने विचारलं…” नाव कधीच नाही. वहीचा चुकलेला फोटो वरचे नाव कापून त्यासोबत जाई. पहिल्या आठवड्यातच त्याखाली ‘मला पण’, ‘माझं पण असंच चुकलं’ असे येऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने सरांच्या आधी दुसऱ्याची चूक दाखवून दिली. सरांनी त्या दिवशी मुद्दाम उत्तर पाठवले नाही.

या सात आठवड्यांत त्यांनी ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारणे जवळजवळ सोडले होते. त्याऐवजी ते विचारत, “कितव्या ओळीवर अडलं?” याला अंगठ्याने उत्तर देता येत नाही.

ज्यांच्याकडे फोन नव्हता

वरचे सगळे २९ मुलांचे आहे. उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी एका फोनवाल्या मुलाशी जोडून दिले होते. पाच जोड्या चालल्या, त्याही दोघे एकाच वाडीवरचे होते म्हणून. दोघांत अर्ध्या तासाची वाट आणि मध्ये ओढा होता अशा चार जोड्या कागदावरच राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये दहावीचे वर्ग शाळेत भरू लागले तेव्हा या चौघांपैकी तिघे आले. चौथा गोव्यात एका हॉटेलात कामाला लागला होता. सरांच्या टिपणवहीत त्या सात आठवड्यांत त्याच्या नावापुढे एकही नोंद नाही आणि मी काही वेगळे करू शकलो असतो असे म्हणायला माझ्याकडेही आधार नाही.

चाळीस प्रश्न

शाळा सुरू झाल्यावर, रात्री शंका विचारणारी मुले आता वर्गात बोलतील, असा सरांचा अंदाज होता. पहिले दोन आठवडे तसे झाले नाही. पाठीमागच्या बाकावरून चिठ्ठ्या मात्र आल्या, नाव नसलेल्या. सकाळच्या संदेशांत नाव नसे, तीच सवय मुलांनी बाकावर आणली होती. सरांनी टेबलावर खडूचा रिकामा डबा ठेवला आणि फेब्रुवारीपर्यंत तो रोज उघडला. मार्चमध्ये डब्याची गरज कमी होत गेली.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा फोन. जूनमध्ये होणारी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातील दहावीची बोर्डाची परीक्षा, पुढे ढकलली गेली आणि तिचे स्वरूपही बदलले. सहा विषयांचे सहा पेपर न घेता १९ जुलै २०२१ रोजी गणित, विज्ञान व समाजविज्ञान यांचा एक आणि २२ जुलै रोजी तीन भाषांचा एक, असे दोनच पेपर बहुपर्यायी पद्धतीने झाले. प्रत्येक विषयाला ४० प्रश्न, उत्तरे ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे योग्य पर्यायाचा गोल रंगवून.

हे जाहीर झाल्यावर मुलांच्या शंकांची जात बदलली. ‘कितव्या ओळीवर’ हा प्रश्नच निरर्थक झाला, कारण ओळी लिहायच्याच नव्हत्या. ‘सर, बी बरोबर की सी?’ असे येऊ लागले. रचनेचे, सिद्धतेचे, चुकलेल्या वहीचे फोटो थांबले. संख्येने मोजले तर त्या सहा आठवड्यांत आंतरक्रिया वर्षभरात सर्वाधिक होती. तिच्यात गणित किती होते, याबद्दल सरांचे आणि माझे एकमत नाही. त्यांचे म्हणणे असे की चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, हे सांगायला लावले की तेच काम होते, आणि त्यांनी तसे करूनही घेतले. दर सकाळच्या संदेशात ते एक चुकीचा पर्याय निवडत आणि तो कोणाला व का बरोबर वाटू शकेल, हे मुलांना ओळखायला लावत. ही युक्ती चांगली होती, हे मलाही मान्य आहे. मात्र तिला उत्तर देणारी मुले दहा-बाराच होती आणि बाकीच्यांना अक्षर हवे होते.

१९ जुलैला पेपर सुटल्यानंतर दुपारी मोठ्या ग्रुपवर पहिला संदेश त्याच मुलीचा आला. वर्षभरात तिने सगळ्यांसमोर लिहिलेला तो पहिलाच होता. इंग्रजी अक्षरांत, घाईने लिहिलेला: ‘सर, पेपरात टी एन कुठंच नव्हतं.’ त्याखाली संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी लिहिले. सर त्या वेळी दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षणाला गेले होते, त्यांचा फोन रात्री सुरू झाला.